आबा, तुमची थंड पाण्याची दाढी

आबा, काल शेवटचे पाव्हणे गेले. माझे असोद्याचे भाऊ-भावजयही गेले. घर मोकळं झालं, तशी आज सकाळी तुमच्या चिरंजिवांनी पहिलं काम काय केलं असेल? गिझर लावला. बाथरूमचं दार ओढून घेतलं, वाफेत उभं राहून गरम पाण्यानं दाढी केली आणि लालबुंद तोंड घेऊन बाहेर आले. तुम्ही असतात तर ओट्यावरून म्हणाला असतात, "उना पहा, उकडेल बटाटा." आला पहा, उकडलेला बटाटा! मला हसू आलं. आणि मग भाजी फोडणीला टाकायची तशीच राहिली.

बसायला आलेली माणसं काय काय बोलत होती, तुम्हाला सांगते. म्हणे, आबा फार सोशीक. जन्मभर थंड पाण्यानं दाढी केली, घरातल्या बाईला कधी पाणी तापवायला लावलं नाही. डोंबलाचं सोशीक! पहाटे चारला चहा लागायचा तुम्हाला, तोही ओठ भाजेल असा, वर आलं किसून. तो काय आपोआप उकळायचा? मी मान हलवत ऐकून घेतलं, कारण गेलेल्या माणसानं केलेल्या सासुरवासाबद्दल तेराव्याच्या आत बोलत नाहीत. पण तुम्ही थंड पाण्यानं दाढी का करायचात, हे त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही नाही. बावीस-तेवीस वर्षं विचारत आले. हे भांडण अर्धं टाकून गेलात तुम्ही.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही नरडाणा स्टेशनावर पॉइंटमन होतात, रुळांचे सांधे बदलायचात, आणि आपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. पौषातली थंडी. असोद्याला आमच्या घरी दाढीचं पाणी म्हणजे केवढा बाऊ! वडील बनियनवर बसले की "पाणी कुठंय, पाणी कुठंय" करून घर डोक्यावर घ्यायचे, आणि लोटा जरा कोमट निघाला तर परत चुलीवर. मला वाटलं पुरुषांची जात अशीच. म्हणून सासरच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे उठून तुमच्यासाठी पाणी तापवलं. नाकापर्यंत पदर ओढला, लोटा तुमच्याजवळ ठेवला आणि पळाले.

तुम्ही तो लोटा पायानं नाही, हातानंच, पण बाजूला सरकवलात. नळाखाली पितळी वाटी धरलीत आणि ते बर्फासारखं पाणी तोंडावर मारलंत. मी म्हटलं, नवी सून आहे, पारख करताहेत. दुसऱ्या दिवशी पाणी आणखी कडक तापवून नेलं. पुन्हा बाजूला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तुम्ही बोलायचा नाहीत आणि मी तर तोंडच उघडायचं नव्हतं. लोटा पुढे, लोटा मागे, असं आपलं पहिलं भांडण किती दिवस चाललं देव जाणे. शेवटी अक्कांनाच, माझ्या सासूबाईंना, माझी दया आली. म्हणाल्या, "अवं पोरी, त्या गरम पानीले हात बी लावत नहीत. कसाले लाकडं जायस?" कशाला लाकडं जाळतेस, म्हणे.

मग मी लोटा बंद केला आणि बघायला लागले. खरं सांगते, आबा, पडद्याआडून रोज बघायचे. आम्ही बायका त्या पाण्यात भांडी विसळताना सी-सी करायचो, बोटं वाकडी व्हायची. तुमच्या तोंडून हूं की चूं नाही. ओंजळभर पाणी चेहऱ्यावर घ्यायचात आणि पुसायचा नाहीत. तसेच उभे, हनुवटीवरून थेंब गळताहेत, समोरून मालगाडी खडखडत चाललीय, आणि तुम्ही तिचे डबे बघताय. मग साबणाच्या डबीत ब्रश फिरवायचा. मग ते ब्लेडचं मशीन कानापासून खाली यायचं, एका दमात, न थांबता. मला देवळात उभं राहिल्यासारखं वाटायचं. हसू नका. देवळात तरी लोक ढकलतात.

रिटायर झाल्यावर धुळ्याला हे घर घेतलं आणि तुमची खरी परीक्षा सुरू झाली. हिवाळा तुम्ही जिंकलेलाच होता, पण धुळ्याचा उन्हाळा! वैशाखात गच्चीवरची काळी टाकी अशी तापते की सकाळी नळ सोडला तर चटका बसतो. अख्खं जग गरम पाण्यासाठी धडपडतं आणि तुम्ही मे महिन्यात थंड पाण्यासाठी घरभर वाटी घेऊन हिंडायचात. एकदा माठातच वाटी बुडवलीत. अक्कांनी जो काही आवाज काढला! "प्यानं पानी शे ते! दाढीना साबण लागेल वाटी माठमा?" शेजारचा मारवाडी दुकानदार शटर अर्धं टाकून बघायला आला, भांडण कुठवर गेलं म्हणून. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःसाठी वेगळा छोटा माठ आणलात. दाढीचा माठ. अख्ख्या खान्देशात एवढा एकच असेल.

तेव्हापासून मी थोडी धीट झाले होते. अक्का गेल्यावर तर तुम्हाला बोलायला मीच उरले. दाराआडून का होईना, विचारायचे. "आबा, का हो थंड पाणी?" एकदा म्हणालात, ब्लेड जास्त टिकतं. एकदा म्हणालात, थंड पाण्यानं दाढीचे केस घाबरून उभे राहतात. एकदा म्हणालात, पाणी तापेपर्यंत गाडी थांबत नाही. मी मोबाईलवर पाहिलं होतं, कोणी तरी सांगत होतं की गरम पाण्यानं कातडी मऊ पडते, दाढी सोपी जाते. तेही तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं. तुम्ही वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणालात, "तुना मोबाईलले दाढी शे का?" आता ह्याच्यावर माणसानं काय बोलायचं! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तुमचा तर सुंभही जळाला नव्हता.

मग गेल्या दिवाळीनंतर तुम्हाला लकवा मारला.

उजवा हात, उजवा पाय, अर्धं तोंड. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तुम्ही बोलत होतात पण जीभ जड. डॉक्टरांनी सांगितलं, रोज व्यायाम करा, रबरी चेंडू दाबा, बोलत राहा, निम्मं परत येईल. तुम्ही चेंडू खिडकीतून बाहेर टाकलात, डाव्या हातानं. दाढीला कोणाला हात लावू देईनात. चिरंजीव नरडाण्याच्या कारखान्यातून पाळी करून आले की समजावायचे. त्यांनी ते विजेचं यंत्र आणलं, तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. न्हाव्याला घरी बोलावलं, त्यानं गरम पाण्यात बुडवलेला टॉवेल तोंडाजवळ आणला तर तुम्ही असे दात आवळलेत की बिचारा सामान गोळा करून निघून गेला.

दाढी वाढत गेली. पांढरी, राठ. तुम्हाला मी दाढीत पाहिलं होतं ते फक्त अक्का गेल्या तेव्हा, दहाव्यापर्यंत. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाची दाढी वाढलेली दिसली की लोक दुसरं काही विचारत नाहीत. आणि तसंच झालं. दूधवाला नवीन होता. त्यानं ओट्यावर बसवलेल्या तुमच्याकडे पाहिलं आणि पातेल्यात दूध ओतता ओतता मला हळूच विचारलं, "घरमा मयत व्हयनी का वं, ताई?"

त्याला वाटलं तो हळू बोलला. पण तुमचे कान शाबूत होते. मी "नाही हो" म्हणायच्या आत तुम्ही मान हलवलीत. हो, अशी. आबा, ती मान मी जन्मात विसरणार नाही. हा माणूस स्वतःचंच सुतक धरून बसलाय हे मला त्या सकाळी कळलं. भाकरी निम्मी का टाकता, चेंडू का नको, बोलायला का नको, सगळं कळलं. दूध गॅसवर ठेवायचं सोडून मी पातेलं हातात धरून उभी राहिले. आता ह्यांना सुतकातून काढलं नाही तर हे उठून निघून जातील, एवढंच डोक्यात होतं.

तुमची पितळी वाटी घेतली, नळाखाली धरली. साबणाची डबी, ब्रश, मशीन, नवं ब्लेड. टॉवेल खांद्यावर टाकून तुमच्यासमोर आले आणि तिथंच पाय अडले. ब्लेडची भीती नव्हती. मी केळीच्या बागेत वाढलेली पोर, विळा लहानपणापासून हातात. अडलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. सासऱ्यासमोर बसायचं नाही, नजर वर करायची नाही, अशा घरात मी आले होते. पुढं ते सैल पडलं, मी तुमच्याशी वादही घालायला लागले, पण तोंड दुसरीकडे करून. तुमचे पाय मला पाठ होते, अंगठ्याच्या काळ्या नखासकट. चेहरा मी कधी सरळ पाहिलाच नव्हता.

स्टूल ओढलं आणि बसले. पाणी लावलं तुमच्या गालाला. तुम्ही तोंड फिरवलं नाहीत, माझ्याकडे पाहिलंत. काय बघत होतात? वाटीतून वाफ येते का ते बघत होतात. वाफ नव्हती. मग डोळे मिटलेत.

माझा पदर सारखा घसरत होता. एक हात पदराला, एक मशीनला, एक तुमची कातडी ताणायला. देवानं दोनच दिलेत. तेव्हा त्या जड जिभेनं तुम्ही बोललात, कित्येक दिवसांत पहिलं पूर्ण वाक्य. "पदर ऱ्हाऊ दे. हात संभाय."

मी पदर राहू दिला. उघड्या डोक्यानं सासऱ्यासमोर बसले आणि दाढी केली. बोटांखाली तुमचा चेहरा. कानामागं तीळ होता, तो अक्कांनाच माहीत असणार. हनुवटी अगदी आमच्या ह्यांची. इतकी वर्षं मी तीच हनुवटी रोज बघत होते आणि कुठून आली ते माहीत नव्हतं. मग गळ्याची पाळी आली. तुम्ही मान मागे टाकलीत. गळ्याची घाटी माझ्या ब्लेडखाली वर-खाली होत होती. पोटच्या पोराला मशीनला शिवू न देणाऱ्या माणसानं माझ्यासमोर गळा उघडा टाकला होता, आणि श्वास असा संथ की जणू झोपलाय. माझं ब्लेड मात्र तिथंच अडलं. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "भिऊ नको." मला म्हणालात! मी कोणाला सांगणार होते हे?

गल्लीत बोलबाला झालाच. सून सासऱ्याची दाढी करते, ओट्यावर, सगळ्यांदेखत, डोक्यावर पदर नाही. एकीनं माझ्या चुलत जावेला फोन करून कळवलं. म्हटलं कळवा, फोटोही पाठवा, आबा बरे दिसताहेत आता. त्या दुपारी तुम्ही अख्खी भाकरी खाल्लीत आणि ठेचा मागितलात. चेंडू मी गटाराजवळून शोधून आणला होता, धुऊन. तो उशीजवळ ठेवला. संध्याकाळी तो तुमच्या हातात होता.

मग रोजच. तुमच्या डाव्या गालाला पाणी लागलं की कळायचं, उजव्याला काहीच नाही. उजव्या गालावर मी पाणी मारलं, साबण लावला, ब्लेड फिरवलं, तरी तुमचं लक्ष रस्त्यावर. जणू तो गाल शेजाऱ्याचा. मला त्या बाजूची फार भीती वाटायची, कापलं तरी तुम्ही सांगणार नव्हतात. म्हणून तिथं सावकाश जायचे.

एका सकाळी थंडी फार होती. नळाचं पाणी हाताला झोंबत होतं. नेहमीसारखं उजव्या गालाला लावलं आणि तुम्ही दचकलात. मला वाटलं कापलं, पण ब्लेड अजून हातात घेतलंच नव्हतं.

"थंडं शे," तुम्ही म्हणालात.

मी पुन्हा बोट बुडवलं, गालाला टेकवलं. "थंडं." कानाजवळ. "थंडं." हनुवटीच्या उजव्या बाजूला. "थंडं शे, थंडं शे!" आणि हसायला लागलात, वाकड्या तोंडानं, डोळे गळताहेत. आबा, नरडाण्याच्या पौषात तुम्ही कधी पाणी थंड आहे म्हणाला नव्हतात. कोणासमोर कबूल केलं नव्हतंत. आणि आता लहान मुलानं नवा शब्द घोळवावा तसा तो एकच शब्द. मी ह्यांना जी हाक मारली ती मारवाड्याच्या दुकानापर्यंत गेली असेल. हे आतून अर्ध्या तोंडाला फेस लावून धावत आले. "आबा, काय होतंय?" तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंत. "थंडं लागी राहिनं, येडा," म्हणालात. मग तेही रडायला लागले, फेसासकट.

डॉक्टर म्हणाले, येतं असं हळूहळू, चांगलं लक्षण आहे. त्यांना रोज दिसत असेल. मी दोन बाळंतपणं केलीत, जीव येताना कसा येतो ते मला ठाऊक आहे. ओट्यावर मी तेच पाहिलं.

त्यानंतर बोटं हलायला लागली. मग मनगट. काठी घेऊन दारापर्यंत. तुम्ही बोलून दाखवलं नाहीत पण मला समजत होतं, तुम्हाला काय पाहिजे ते. तीर्थयात्रा नको होती, पंगतीला बसायचं नव्हतं. तुमची नजर रोज मशीनवर असायची. मी दाढी करत असले की तुमचा उजवा हात मांडीवर हळूच हलायचा, माझ्या हाताबरोबर. तुम्हाला तुमची दाढी तुमच्या हातानं करायची होती. माझी इच्छाही तेवढीच, की एकदा तरी व्हावं.

होळी होऊन गेली होती. मी गळा आणि डावी बाजू केली, आणि तुम्ही उजवा हात पुढे केलात. "दे माले."

मी दिलं. हात वर यायला किती वेळ लागला! खांद्यापर्यंत आला, थांबला, पुन्हा वर. मी हात पुढे करणार तोच तुम्ही डोळे वटारलेत, तसे मागे घेतले. मशीन गालाला टेकलं, कानापाशी. आणि खाली आलं. थांबत, कापत, वाकडंतिकडं, पण खाली आलं. तुम्ही ब्लेड वाटीत बुडवून झटकलंत, पूर्वी झटकायचात तसंच, दोन थेंब माझ्या तोंडावर. पुन्हा एकदा. पुन्हा. गाल झाला. घामानं तुमचं कपाळ भिजलं होतं. हनुवटीखाली उजवीकडे थोडी राहिली. मी म्हटलं, "द्या, तेवढी मी काढते." तुम्ही मशीन सोडलं नाहीत.

"बाकीनी सकाय," म्हणालात. बाकीची उद्या.

चहा घेतलात. पेपर वाचलात. दुपारी जेवून आडवे झालात, ते उठलाच नाहीत. झोपेतच. कूसही बदलली नव्हती.

संध्याकाळपर्यंत माणसं जमली. आम्ही बायका आत, तुम्हाला घेऊन पुरुष अंगणात. बाहेर पाणी तापत होतं. आंघोळ घालताना तुमचे चुलतभाऊ नाना वाकले आणि त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हाई काय राही गयं? वहूनी अर्धीच करी का? न्हावीले सांगा, साफ करा." सुनेनं अर्धीच दाढी केली, असं वाटलं त्यांना. न्हावी तिथंच होता. त्यानं वाटी पुढं केली, कोणी तरी तिच्यात ते गरम पाणी ओतलं.

मी कशी बाहेर गेले मला आठवत नाही. पुरुषांच्या घोळक्यात, पदर कुठं होता देव जाणे. "हात लावू नका," म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "नाना, ती बाजू आबांनी स्वतः केलीय. आज सकाळी. उजव्या हातानं."

हे खाली बसले. तुमच्या उजव्या गालावरून ह्यांनी बोट फिरवलं, कानापासून खाली, जिथं जिथं वाकडं गेलं होतं तिथं तिथं थांबत. हनुवटीखाली आले आणि तिथं हात तसाच ठेवला. मग न्हाव्याला म्हणाले, "राहू द्या."

तसेच नेलं तुम्हाला. हनुवटीखाली बोटभर जागेत दाढी होती. ती कोणाला करू दिली नाही, आबा.